लाल दिव्याच्या बाजूने

रिक्षाच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा असण्याला माझा विरोध होता, आणि तो उघड होता. स्टँडवर, गॅरेजात, युनियनच्या बैठकीत, कुठेही विषय निघाला की मी सांगायचो, ब्रेकचं काय चाललंय ते पायाला कळतं, दिव्याला नाही. घाटकोपर ते साकीनाका या पट्ट्यात माझं ऐकणारे लोक आहेत, कारण त्यांच्या गाड्यांचे ब्रेक माझ्या हातचे आहेत. म्हणून मत बदललं तर तेही त्यांच्यासमोर तितक्याच उघडपणे मांडायला हवं. आज माझं म्हणणं असं आहे की दिवा हवा, तो चालू हवा, आणि तो काय सांगतो व काय सांगत नाही हे चालवणाऱ्याला ठाऊक हवं. या शेवटच्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला बसलो.

आधी जुनं मत कशावर उभं होतं ते सांगतो, कारण ते उगाच नव्हतं.

रिक्षाचा ब्रेक साधा असतो. उजव्या पायाखाली एक पेडल. ते दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑईल पाइपांतून तिन्ही चाकांकडे रेटलं जातं. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक छोटा व्हील सिलिंडर असतो, तो दोन शूंना बाहेर ढकलतो, शूवरचे लायनर ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत जागेवर ओढतात. हँडब्रेकची केबल वेगळी, ती फक्त मागच्या दोन चाकांना. ही ऑईलची करामत मोटारींत आली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना असे ब्रेक होते. आणि गंमत वाटेल, पण कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये कॅन-अ‍ॅम स्पायडर नावाची जी भारी तीनचाकी मोटारसायकल काढली, तिलाही एकच पेडल आणि त्या एका पायावर तिन्ही चाकं. फरक इतकाच की त्या गाडीत ब्रेकवर कॉम्प्युटरचं लक्ष असतं आणि पुढे दोन चाकं असल्यामुळे ब्रेक मारताना ती पुढच्या कोपऱ्यावर कलंडत नाही. आपली रिक्षा उलटी. पुढे एक चाक, मागे दोन. वळणावर जोरात ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या एका चाकाच्या बाजूला धावतो आणि मागचं एक चाक हलकं होतं. त्यात एका बाजूचा ब्रेक जास्त लागत असेल तर गाडी उलटायला वेळ लागत नाही. म्हणून रिक्षावाल्याला ब्रेकची जाण इतर कुणाहीपेक्षा जास्त लागते, आणि ती त्याच्याकडे असतेही.

तो आला की पेडलच्या भाषेत बोलतो. ‘ब्रेक खाली बसतो’ म्हणाला की मला कळतं, पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जातंय, म्हणजे मास्टर सिलिंडरचा आतला रबर ऑईल मागे सोडतोय. ‘दोनदा मारल्यावर लागतो’ म्हणाला तर शू ड्रमपासून लांब गेलेत, अ‍ॅडजस्टर फिरवायला हवा. पेडल मऊ लागत असेल तर पाइपात हवा. पेडल कडक, वर, आणि तरी गाडी पुढे जात राहते, तर लायनरवर ऑईल नाहीतर ग्रीस लागलंय, किंवा लायनर तापून चकाकले आहेत. गाडी डावीकडे ओढते, तर उजव्या बाजूचं काहीतरी काम करत नाही. इतकं सगळं पाय सांगतो. याच्यापुढे त्या दिव्याची काय कथा? तो एका वायरवर चालतो, दोनच कारणांनी लागतो. हँडब्रेक ओढलेला असला तर, किंवा मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतलं ऑईल खालच्या खुणेच्या खाली गेलं तर. लायनर संपलेत, हवा शिरली आहे, रबर गेलाय, यातलं एकही त्याला कळत नाही.

माझं मत पक्कं झालं ते २००५च्या पावसाने. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. पाणी ओसरल्यावर ज्या गाड्या आल्या त्यांच्या ड्रममध्ये चिखल होता, व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांखाली पाणी होतं, आणि टाक्या काठोकाठ भरलेल्या. ते ऑईल काढून बघितलं तर गढूळ. ब्रेक ऑईल मुळात पाणी ओढून घेणारं असतं. कोरड्या हवेतसुद्धा हळूहळू ओढतं, मग इथल्या पावसाळ्यात काय विचारता. नव्या डॉट-३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की तो १४० पर्यंत आला तरी चालतो, असं प्रमाणकातच लिहिलेलं आहे. डॉट-४चं तेच गणित २३० आणि १५५. उतारावर सारखा पाय ठेवून आलेल्या गाडीचे ड्रम चटके देण्याइतके तापतात. आतलं पाणी वाफ झालं की वाफ दबते, ऑईल दबत नाही, आणि पेडल जमिनीला टेकतं. या सगळ्यात टाकी भरलेलीच असते. दिवा असता तरी तो शांत राहिला असता. मग तो कशाला हवा, असं मी म्हणायचो, आणि त्या वर्षी माझ्याशी वाद घालायला कुणाजवळ काही नव्हतं.

आणखी एक कारण होतं, ते पैशाचं. शिफ्टवर गाडी चालवणारा माणूस आधी शेठच्या भाड्याचा विचार करतो, मग गॅसचा, मग घरी न्यायच्या पैशांचा. खोटा दिवा लागला म्हणून गाडी अर्धा दिवस उभी राहिली तर नुकसान त्याचं एकट्याचं. डॅशबोर्डवरचे दिवे म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गिऱ्हाईक वळवायची सोय, अशी माझी पक्की समजूत होती. हे कारण मी आजही पूर्ण सोडलेलं नाही, त्याच्याकडे पुन्हा येतो.

मत हललं ते एका अगदी साध्या तक्रारीने.

पावसाळा संपत आला होता. खेड तालुक्यातले एक काका आहेत, घाटकोपर स्टेशन ते विक्रोळी पार्कसाइट या बाजूला शेअर रिक्षा चालवतात. आले आणि म्हणाले, “मिस्त्री, दिवा येतोय.”

“कधी येतो काका?”

“पार्कसाइटवरून खाली उतरताना. सपाटीला आलो की जातो.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक एक नंबर. बघा दाबून.”

दाबून बघितला. खरोखर एक नंबर. पेडल वर, कडक, दाबून धरलं तर जागचं हलत नाही. माझ्या जुन्या हिशेबाप्रमाणे गाडी पास होती आणि दिवा खोटा होता. उतारावर वळणं आहेत, हँडल फिरताना वायर ओढली जात असेल, असं म्हणून मी तीच आधी धरली. वायर चांगली निघाली. मग टाकीचं झाकण पुसून उघडलं. ऑईल खालच्या खुणेवर टेकलेलं. उतारावर गाडी पुढे झुकली की ऑईलही पुढे सरकायचं, दिव्याच्या स्विचचा तरंगता खाली यायचा आणि दिवा लागायचा. सपाटीला आलं की पुन्हा वर. दिवा बरोबर काम करत होता.

काका म्हणाले, “थोडं टाकून द्या की मग.” स्टँडवर गाडी नंबरात होती, त्यांची घाई खरी होती. पण मला एक गोष्ट खटकली. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलला पॅड झिजत गेले की टाकीतलं ऑईल आपोआप उतरतं, कारण पिस्टन पुढे सरकून तिथेच राहतो आणि मागची जागा ऑईल भरून काढतं. तिथे ऑईल उतरणं म्हणजे पॅड संपत आल्याची खूण असू शकते. ड्रमचं तसं नाही. शू स्प्रिंगेने परत येतात, झीज आपण अ‍ॅडजस्टर फिरवून भरून काढतो, त्यामुळे टाकीत फारसा फरक पडत नाही. पावसाच्या आधी वरच्या खुणेपर्यंत भरलेली टाकी खालच्या खुणेवर आली असेल तर ऑईल बाहेर कुठेतरी जातंय. पण कुठे? मास्टर सिलिंडरची मागची बाजू कोरडी. पुढच्या चाकाचा रबरी होज कोरडा. चेसिसवरून जाणारे पाइप बोटाने पुसत गेलो, बोट कोरडं. मागच्या टायरांच्या आतल्या बाजू कोरड्या. जमिनीवर थेंब नाही.

उजवं मागचं चाक उतरवून ड्रम ओढला. आत सुकी तपकिरी भुकटी, हवी तशी. मग डावं. ड्रम निघाला तेव्हा वरच्या भागात तशीच भुकटी होती, खालच्या बाजूला मात्र ती काळी, ओलसर, बोटाला चिकटणारी. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने व्हील सिलिंडरची रबरी टोपी जराशी उचलली. आतून ऑईलची एक बारीक धार निघाली आणि प्लेटवरून खाली ओघळली, त्या ऑईलचा तो विशिष्ट वास आला. किती दिवस ते टोपीच्या आत साठत होतं, जास्त झालेलं भुकटी पिऊन घेत होती आणि उरलेलं लायनरच्या कडेत मुरत होतं. म्हणून बाहेर थेंब दिसत नव्हता. सिलिंडर खोलला तर आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे, आणि त्यावरून पुढेमागे होऊन रबराची कड चिरलेली. काका उकिडवे बसून बघत होते. म्हणाले काहीच नाहीत.

चिरलेला रबर आणि गंजलेले सिलिंडर मी खूप बघितलेत. नवीन होतं ते एवढंच की या गाडीचं पेडल शेवटपर्यंत एक नंबर होतं. पाय सगळं सांगतो, या माझ्या म्हणण्याला त्या पेडलने तिथेच उत्तर दिलं. चाळीच्या नळाला जोरात पाणी येत असतं तेव्हा गच्चीवरची टाकी भरलेली आहे की तळाला गेली आहे हे नळावरून कळत नाही, तसंच हे. जितके थेंब बाहेर जातात तितके टाकी मागून पुरवते. पाइप भरलेले, दाब पुरा, पेडल कडक. टाकीतलं ऑईल तळाच्या भोकाखाली गेलं की मात्र त्याच्या जागी हवा शिरते, आणि मग दोन-चार वेळा पाय मारण्यातच पेडल जमिनीला जातं. मधली पायरीच नाही. पायाला खबर मिळते ती शेवटच्या क्षणी, आणि तो क्षण पार्कसाइटच्या उतारावर, मागे तीन माणसं बसलेली असताना येऊ शकतो.

त्या रात्री मला जुन्या गाड्या आठवत राहिल्या. ब्रेक गेला म्हणून दोरीने ओढून आणलेल्या. त्यांचे ड्रायव्हर हमखास एकच वाक्य बोलायचे, “कालपर्यंत ब्रेक बरोबर होता.” मी ते कधी खरं धरलं नाही. पेडल मऊ लागलं असणार आणि यांनी लक्ष दिलं नसणार, असं समजून मी कामाला लागायचो. त्यांतले बरेचजण खरंच बोलत होते. कालपर्यंत त्यांचा ब्रेक बरोबरच होता.

एकदा हे लक्षात आल्यावर पायाच्या बाजूची आणखी एक लंगडी गोष्ट दिसायला लागली. पायाला सवय होते. लायनर रोज थोडा झिजतो, पेडल रोज किंचित खाली जातं, आणि पाय रोज किंचित जास्त दाबतो. ज्याचा पाय त्याला बदल जाणवतच नाही. मी एखाद्या ओळखीच्याची गाडी सहज चालवायला घेतो आणि पहिल्याच ब्रेकला दचकतो. तो म्हणतो, “का? बरोबर तर आहे.” त्यातून मुंबईची रिक्षा एका पायाची नसते. दिवसा एक, रात्री दुसरा, सुट्टीला तिसराच बदलीवर. गाडी शेठची. बदलीचा माणूस पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याला पेडल जसं मिळतं तसंच ते असतं, अशी त्याची समजूत होते. पायाची जाण ही एका माणसाची, एका गाडीबरोबर कित्येक महिने घालवून आलेली जाण आहे. शिफ्टच्या धंद्यात ती कुणाला मिळते? दिव्याला सवय लागत नाही आणि त्याला शिफ्ट नाही.

अमेरिकेत मोटारींना ब्रेकचा हा लाल दिवा आणि ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी सक्तीच्या झाल्या त्या १९६८ पासून. एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते, आणि फुटल्याचं दिव्याने कळतं. तिथल्या ड्रायव्हरांचे पाय काही आपल्यापेक्षा कमी हुशार नव्हते. तरीही कायदा करावा लागला, याचं कारण आता मला समजतं.

आता दुसरी बाजू. दिव्याच्या बाजूने झालो म्हणजे दिव्यावर सगळं सोडून दिलं असं नाही. अंधेरी सबवेत पाणी भरलेलं असताना रिक्षा घातली आणि पलीकडे निघाली, तर लायनर भिजलेले असतात आणि पुढची काही मिनिटं ब्रेक अर्धाही लागत नाही. दिवा याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत पेडलवर पाय अलगद ठेवायचा, घासून लायनर सुकू द्यायचे, आणि ब्रेक धरतोय हे बघूनच वेग घ्यायचा, हे ज्याचं त्यालाच करावं लागतं. जुनं झालेलं, पाणी प्यायलेलं ऑईलही दिव्याला कळत नाही. ते ठरावीक मुदतीने पूर्ण काढून नवीनच भरावं लागतं. या दोन गोष्टींवर माझं २००५चं म्हणणं अजून तसंच उभं आहे.

दिवा लागला तर मी आता कसं बघतो ते सांगतो, कारण यातलं बरंचसं ड्रायव्हरला स्वतःला करता येतं. पहिला प्रश्न, चावी फिरवल्यावर आणि हँडब्रेक ओढल्यावर तो लागतो का? लागतच नसेल तर दिवाच मेलेला आहे, आणि न लागणारा दिवा हा लागलेल्या दिव्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त असतो. मग हँडब्रेकचा दांडा. तो पूर्ण खाली बसलाय का? दांड्याखाली एक छोटं बटण असतं, चिखल आणि गंज बसून ते अडकतं. बोटाने दाबल्यावर दिवा विझला तर दुखणं तिथेच आहे, साफ करा, निघा. तसं नसेल तर टाकी. झाकणाभोवतालची धूळ आधी पुसायची, मग उघडायचं, कारण आत पडलेला कचरा थेट रबरापर्यंत जातो. ऑईल वर असूनही दिवा जळत असेल तर टाकीवरचं कपलर काढून बघायचं. काढल्यावर विझला तर तरंगता अडकलाय. तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, आणि ती बहुतेक वेळा हँडलच्या खांबापाशी सापडते.

आणि ऑईल खाली असेल तर? इथे माझी हात जोडून विनंती आहे. दिवा विझवायला ऑईल टाकू नका. टाका, पण आधी गळती शोधा. ब्रेक ऑईल रंग खातं. मास्टर सिलिंडरच्या आसपास रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर तिथून गळतंय, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवा. बाहेर काही सापडलं नाही तर ड्रम उघडायलाच हवेत, आणि तेही दोन्ही बाजूंचे. घाईत हाताशी आलं ते इंजिन ऑईल टाकीत ओतलेल्या गाड्याही माझ्याकडे आल्या आहेत. त्याने आतले सगळे रबर फुगतात, शू परत येत नाहीत, ड्रम लाल होईपर्यंत तापतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत एकूण एक रबर बदलावा लागतो. हवा काढतानाही जपून. एकजण पेडल मारतोय, दुसरा चाकापाशी नट सोडतोय, “मार, मार, धर!” हे सगळ्या गॅरेजांत रोज चालतं. पण जुन्या गाडीचं पेडल तेव्हा मुळापर्यंत आपटू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर एरवी कधी जात नाही तिथे गंज साठलेला असतो, आणि तिथे रबर गेला की फाटतो. आलेलं दुखणं दुरुस्त करताना नवं देऊन पाठवल्यासारखं होतं.

पैशाचा मुद्दा राहिला होता. व्हील सिलिंडरचं किट स्वस्त असतं. महाग पडतो तो गाडी उभी राहण्याचा वेळ, आणि २६ रुपयांच्या किमान भाड्यावर दिवस काढणाऱ्याला तो वेळ खरोखर परवडत नाही. पूर्वी मी यावरून दिव्याला दोष द्यायचो. आता वाटतं, दोष द्यायचा तर या रिवाजाला द्यावा, की गाडी शेठची असली तरी ती उभी राहिल्याचं नुकसान चालवणाऱ्याचं. ब्रेकचा दिवा लागून गाडी गॅरेजात आली तर त्या शिफ्टचं भाडं शेठने घेऊ नये, एवढी एक गोष्ट युनियनने मनावर घेतली तर दिव्यावर पट्टी चिकटवणं बंद होईल. हो, पट्टी चिकटवतात. काळी टेप. ती मी बघितली आहे आणि पूर्वी त्यावर काही बोललो नाही. आता टेप दिसली की काढतो आणि मगच कामाला हात लावतो. पासिंग नवीन गाडीला दोन-दोन वर्षांनी, आठ वर्षांनंतर दरवर्षी. तिथे ब्रेक तपासला जातो तो एका दिवसाचा. दोन पासिंगच्या मधल्या शेकडो दिवसांत मागे बसणारी शाळकरी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, रात्री उशिराच्या लोकलने उतरलेली माणसं यांच्यासाठी गाडीत राखणदार दोनच, ड्रायव्हरचा पाय आणि तो दिवा. त्यातला एक झाकून ठेवायचा हे आता मला बघवत नाही.

इलेक्ट्रिक रिक्षा आल्यावर हे जास्तच जाणवतं. त्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडीला मागे ओढते, म्हणून पेडलवर पाय कमी पडतो. तरुण पोरं खूश आहेत, लायनर टिकतात. पण जो ब्रेक कमी वापरला जातो त्याची खबर पायाला आणखी कमी मिळते. बॅटरी पूर्ण भरलेली असली की मोटरची ओढ कमी होते, आणि सकाळच्या पहिल्याच उतारावर सगळा भार त्या न वापरलेल्या ड्रमवर येतो. पावसाळ्यात तर ड्रमला गंज धरलेला असतो. या पोरांना मी सांगतो, दिव्यांची ओळख करून घ्या, सगळे दिवे एक नसतात. एबीएसच्या मोटारसायकलवरचा पिवळा दिवा चावी लावल्यावर जळतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो, त्याला घाबरायचं कारण नाही. लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घ्यायची.

भांडुपला माझे गुरू आहेत. ब्रेकचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो, पायाची ती सगळी भाषा त्यांचीच. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलेलं नाही. “दिवा बघणारा पाय आळशी होतो,” ते म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, दोन्ही करूया. सकाळी पहिलं भाडं घ्यायच्या आधी पेडल जोरात दाबून दहा आकडे मोजायचे, बसतं का बघायचं. मग हँडब्रेक ओढून दिवा लागतो का, सोडून विझतो का, ते बघायचं. एक मिनिटही लागत नाही. त्यावर त्यांनी विचारलं, “आणि ज्या गाड्यांना दिवाच नाही, त्यांचं काय करणार?” अशा गाड्या अजून पुष्कळ चालतात, त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्या गाड्यांच्या टाकीवर मी आता ऑईलच्या पातळीला मार्करने रेघ मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. रेघेपासून ऑईल हललं की गाडी परत आणायची, मग पेडल कितीही कडक असू दे. रेघेची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली आणि त्यांच्या पोऱ्याला मार्कर आणायला पाठवलं. दिव्याबद्दल आमचा वाद चालू आहे.